फटींचा हिशेब

सरळ रस्ता, ४०२ मीटर अंतर आणि एक घड्याळ, एवढ्यावर ड्रॅग रेसिंग संपतं. वळण नाही, लॅप नाही. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, यात डोकं कुठे लागतं? इंजिनात ताकद भरली की झालं. या समजुतीवर मुंबईत पुष्कळांची दुकानं चालतात.

हिशेब मांडला की चित्र बदलतं. या ४०२ मीटरला, म्हणजे पाव मैलाला, लागणारा वेळ वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलतो. ड्रायव्हर धरून ९५० किलोची गाडी आणि ८५ बीएचपी (अश्वशक्ती) असतील, तर वेळ येतो सतरा सेकंदांच्या आसपास. तेच इंजिन १२० बीएचपीवर नेलं, म्हणजे ताकद ४१ टक्क्यांनी वाढवली, तर वेळ येतो साधारण १५.१ सेकंद. घट जेमतेम ११ टक्के. उलट मागची सीट, स्टेपनी, जॅक, गालिचे आणि एसीचा सगळा संसार उतरवून ऐंशी किलो कमी केले, तर आणखी चार दशांश सेकंद सुटतात आणि त्याला पाना सोडून काही लागत नाही. घनमूळ हा मोठा कंजूष गृहस्थ आहे. खिसा रिकामा करून घेतो आणि हातावर चिल्लर ठेवतो.

तरी माणसं इंजिन उघडतात आणि उघडावंच, कारण पंधरा सेकंदांच्या खालचं सगळं तिथेच दडलेलं असतं. फक्त उघडताना एक गोष्ट डोक्यात पक्की असली पाहिजे. इंजिन बांधणाऱ्याचं काम धातूंच्या मधली जागा ठरवण्याचं आहे. पिस्टन आणि तो ज्यात वरखाली होतो तो बोअर (सिलिंडरचं भोक) यांच्यात किती, पिस्टनभोवतीच्या रिंगेच्या दोन टोकांत किती, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि त्याला धरणारं शेल बेरिंग यांच्यात किती, वॉल्व्ह पिस्टनच्या किती जवळ येऊ द्यायचा, या त्या जागा. फुटलेलं इंजिन खोलून पाहिलं की बहुतेक वेळा यातलीच एखादी फट कमी किंवा जास्त झालेली सापडते. महागडे पिस्टन आणि चमकते हेडर (धूर बाहेर नेणारे पाइप) यांचा नंबर त्यानंतर.

उदाहरणाला मारुतीचं १६ वॉल्व्हचं जी-१३बीबी घेऊ. एस्टीम, जिप्सी आणि पहिली स्विफ्ट या गाड्यांतून ते आपल्या ओळखीचं झालं. ७४ मिमी बोअर, ७५.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल), १२९८ सीसी. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या). हलकं आहे, फिरायला राजी आहे, भाग मिळतात आणि मेस्त्रींच्या हाताला त्याची सवय आहे. चौथा मुद्दा पहिल्या तिन्हींपेक्षा मोठा.

सुटं इंजिन कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघायला मिळतं. तिथे बाहेरून धुऊन चकचकीत केलेल्या इंजिनाला भुलू नये. थर्मोस्टॅटचं झाकण काढून पाण्याच्या वाटा बघाव्यात. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी प्यालेल्या ब्लॉकमध्ये आत पांढरा चुरा आणि खड्डे दिसतात. ब्लॉक आणि त्याचं वरचं झाकण (हेड) यांच्या मधलं हेड गास्केट जिथे पाण्याचं भोक वळसा घालून जातं, तिथे कड खाल्ली गेली असेल तर तो ब्लॉक सोडून द्यावा. हेड उतरवायला मिळालं तर पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेला आकडा वाचावा. ०.५० (मिमीने जादा माप) दिसलं, तर पहिला मालक बोअरची वाढ वापरून गेलाय. हेडच्या बोल्टांची भोकं हा तिसरा मुद्दा. ॲल्युमिनियममधले आटे एकदा ताणले गेले की वरचा बोल्ट कितीही भारी घ्या, तो ताण धरत नाही. तिथे इन्सर्ट (नव्या आट्यांची नळी) बसवून घ्यावा लागतो. आणि बिल घ्यावं, कारण इंजिन नंबर आरसीवर असतो. नंबर बदलला की आरटीओची परवानगी आली.

बोअर ०.५० ने वाढवला की सीसी किती वाढतात? ७४.५ मिमीला हिशेब येतो १३१६ सीसी, म्हणजे अठरा सीसी. चहाच्या कटिंगलाही याहून जास्त जागा लागते. बोअरिंग सीसीसाठी करायचंच नसतं, ते गोलाईसाठी करायचं असतं. वीस वर्षं चाललेला सिलिंडर वरच्या रिंगेच्या जागी पोट सुटल्यासारखा झालेला असतो आणि क्रँकच्या आडव्या दिशेने लंबगोल. अशा भिंतीवर नवी रिंग कितीही चांगली बसवली तरी ती दर फेरीत आत-बाहेर होत राहते आणि दाब खाली तेलात जातो.

बोअरिंगवाल्याकडे जाताना क्रम चुकवू नये. आधी पिस्टन हातात हवेत, मग बोअर. चारही पिस्टन एकाच डब्यातले असले तरी एकसारखे नसतात. प्रत्येकाचा स्कर्ट (खालचा घेर) मायक्रोमीटरने मोजायचा, तोही बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर आणि पिनेच्या काटकोनात. मग त्या पिस्टनला त्याचा सिलिंडर नेमून द्यायचा. मशीनवर बोअर करताना शेवटचे ०.०५ ते ०.०८ मिमी होनिंगसाठी (दगडाने घासून करायच्या शेवटच्या सफाईसाठी) राखून ठेवायचे. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट हवी, म्हणजे हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट, त्याच बोल्टांनी, त्याच ताणाने आवळलेली. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये हेड आवळलं की लायनर बोल्टांच्या बाजूला ओढला जातो. मोकळ्या ब्लॉकवर तंतोतंत गोल केलेला बोअर हेड बसताच गोल राहत नाही. मुंबईत अशी प्लेट बाळगणारं मशीन शॉप शोधायला चार ठिकाणी विचारावं लागेल. नसेलच, तर साध्या प्लेटचा तुकडा मरोळच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून कापून, भोकं पाडून, दोन्ही बाजू ग्राइंड करून घ्यावी. हा खर्च हेडरच्या आधी करायचा आहे.

मोजताना तापमान सांभाळावं लागतं आणि हे आपल्याकडे फार थोडे जण सांभाळतात. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे ७४ मिमीचा पिस्टन दहा अंशांच्या फरकाने सतरा मायक्रॉन मोठा होतो. पिस्टन एसी लावलेल्या ऑफिसात मोजला आणि बोअर मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, तर अख्ख्या कारखानी फटीच्या निम्मी चूक तिथेच होते. ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर, सगळं रात्रभर एका खोलीत ठेवायचं आणि सकाळी मोजायचं.

किती फट ठेवायची हे पिस्टनच्या धातूवर आहे. साध्या ओतीव पिस्टनला ०.०२ ते ०.०४ मिमी चालते. ४०३२ जातीच्या ॲल्युमिनियमच्या फोर्ज्ड (घडीव) पिस्टनमध्ये बारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, तो कमी फुगतो, त्याला ०.०५ ते ०.०६ पुरते. २६१८ जातीच्या पिस्टनमध्ये सिलिकॉन जवळजवळ नाहीच. तो मार सोसतो पण फुगतो जास्त, म्हणून ०.०७ ते ०.०९. थंड असताना असं इंजिन डिझेलसारखं वाजतं. ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं, आणि मालकाने घाबरून फट कमी करून घेतली की पहिल्याच जोरदार रनला पिस्टन सिलिंडरला चिकटतो. बनवणाऱ्याने डब्यातल्या कागदावर दिलेला आकडा या सगळ्यावर मात करतो. तो कागद फेकू नये.

बोअर झालेला ब्लॉक घरी येतो तेव्हा तो स्वच्छ दिसतो आणि तो तसा नसतो. होनिंगच्या दगडाची बारीक पूड त्या तिरप्या रेषांच्या तळाशी रुतलेली असते. आपल्याकडे रॉकेल किंवा डिझेल मारून, हवा मारून काम संपवतात. त्याने तेल निघतं, पूड राहते आणि पहिल्या तासाभरात तीच पूड नव्या रिंगा घासून टाकते. इथे गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि नायलॉनचा ब्रशच लागतो. घासायचं, ओतायचं, पुन्हा घासायचं. मग पांढऱ्या फडक्याला थोडं तेल लावून बोअरमधून फिरवायचं. फडकं करडं आलं तर पुन्हा पहिल्यापासून. करडेपणा जाईपर्यंत चार-पाच वेळा घासावं लागतं. आणि शेवटचं पाणी ओतताना तेलाचा डबा उघडून शेजारी ठेवलेला हवा. जुलैत, दमट हवेत, उघड्या बिडावर पाणी सुकता सुकता चहाच्या रंगाची एक पातळ झाक चढायला लागते. सिलिंडरच्या वरच्या कडेपासून ती खाली सरकताना डोळ्यांना दिसते. त्याआधी तेलाचा हात फिरला पाहिजे. म्हणूनच ब्लॉक धुण्याचं काम एकट्याने करू नये. एकाने ओतायचं, दुसऱ्याने पुसून तेल लावायचं.

रिंगा. नव्या रिंगेचं टोक काळजीपूर्वक घासून फट ठरवायची असते. डब्यातून काढून थेट चढवायची नसते. बिनाटर्बोच्या इंजिनाला वरच्या रिंगेसाठी बोअरच्या दर इंचाला चार थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हा धोपट हिशेब. ७४.५ मिमी म्हणजे २.९३ इंच, त्याला चार थाउ प्रमाणे ०.३० मिमी. टर्बो बसवणार असाल तर दर इंचाला सहा थाउ, म्हणजे ०.४५. दुसऱ्या रिंगेला पहिलीपेक्षा थोडी जास्त ठेवतात, म्हणजे दोन रिंगांच्या मधे अडकलेल्या वायूला खाली सुटायला वाट मिळते आणि वरची रिंग उचलली जात नाही. फट कमी पडली तर काय होतं, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे. गरम होऊन रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडतात. आता रिंगेला वाढायला जागा नाही, म्हणून ती भिंतीवर दाबली जाते, अडकते आणि पिस्टन मात्र वरखाली जातच राहतो. शेवटी रिंगेच्या वरचा पिस्टनचा कडा उपटून निघतो. फट थोडी जास्त झाली तर थोडा दाब गळतो, घोडा-दोन घोडे जातात. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून संशय असला की मोठ्या बाजूला जायचं. रिंग बोअरमध्ये इंचभर खाली, उलटा पिस्टन ढकलून सरळ बसवून मगच फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. तिरकी बसलेली रिंग खोटी फट दाखवते.

खालचा भाग त्या मानाने सोपा, पण माफी नसलेला. जर्नलच्या (क्रँकच्या बेरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाला दर इंचाला एक थाउ फट ही जुनी पट्टी आजही कामाची आहे. ४५ मिमीच्या जर्नलला ०.०४५ मिमी. बेरिंगमध्ये दाबलेली प्लॅस्टिगेजची चपटी झालेली पट्टी अंदाज देते, बोअर डायल गेज आकडा देतो. पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या रॉडबद्दल एवढंच लक्षात ठेवावं की पिस्टन वर थांबवून खाली ओढताना रॉडवर येणारा ताण आरपीएमच्या (मिनिटाच्या फेऱ्यांच्या) वर्गाने वाढतो. ६००० चं इंजिन ७५०० ला फिरवलं तर ताण ५६ टक्क्यांनी वाढला, ताकद तितकी वाढो न वाढो. ७५०० ला या स्ट्रोकमध्ये पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८.९ मीटर होतो. रॉड जुने वापरायचे असतील तर निदान त्यांचे बोल्ट नवे घ्या आणि चारी रॉड मॅग्नाफ्लक्सने (चुंबकीय तपासणीने) भेगांसाठी तपासून घ्या. बोल्ट आवळताना आटे कोरडे की तेलकट, याने सगळं बदलतं. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के घर्षणात जातो, फक्त दहाएक टक्के बोल्ट ताणण्यात. घर्षण किंचित कमी झालं की तोच टॉर्क (पिळण्याचा जोर) बोल्टला भलताच ताणतो. कोरड्याचा आकडा तेल लावून वापरणं ही या कामातली सगळ्यात सहज होणारी चूक.

आता कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबायची ते. समजा ९ वरून १०.५ ला जायचं आहे. ७४.५ मिमी बोअरला एका सिलिंडरचे ३२९ सीसी होतात. ९ ला वर उरणारी जागा ४१.१ सीसी, १०.५ ला ३४.६. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधून साडेसहा सीसी जागा काढून टाकायची आहे. आपल्याकडे याला एकच उपाय सांगतात: हेड प्लेन मारून घ्या. अर्धा मिमी हेड उतरवलं तर, चेंबरने (हेडमधल्या जळण्याच्या पोकळीने) बोअरचं अख्खं वर्तुळ व्यापलंय असं धरलं तरी, सव्वादोन सीसीच्या आत निघतात. साडेसहा सीसी हेड तासून काढायला गेलात तर दीड मिमी जाईल, तोवर वॉल्व्ह पिस्टनच्या मांडीवर येऊन बसतील आणि हेडचा पत्रा होईल. त्यात हेड खाली आलं की क्रँक आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्यातलं अंतर कमी होतं, बेल्ट तोच राहतो आणि कॅम ठरल्या जागेपासून सरकतो. तेवढ्यासाठी सरकवता येणारी कॅम पुली घ्यावी लागते. कॉम्प्रेशन पिस्टनच्या माथ्याने वाढवायचं आणि हेड फक्त सपाट होण्यापुरतं तासायचं. मल्टिलेयर स्टील गास्केट बसवणार असाल तर दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे गुळगुळीत हवेत. कागदी गास्केटला चालणारा खरखरीतपणा त्याला चालत नाही.

चेंबरचा आकडा कागदावर काढून भागत नाही, मोजावाच लागतो. वॉल्व्ह बसवून, प्लग लावून हेड उलटं ठेवायचं, कडेला ग्रीसचा बारीक थर देऊन मधे भोक पाडलेला ॲक्रेलिकचा तुकडा दाबायचा आणि ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या नळीने) रंगीत स्पिरिट सोडायचं. ॲक्रेलिकखालचा शेवटचा बुडबुडा गेला की वाचन घ्यायचं. चारी चेंबर पाव सीसीच्या आत जुळले पाहिजेत. ज्याची जागा सगळ्यात कमी, त्याच सिलिंडरला नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) आधी येतं आणि बाकी तिघांचं टायमिंग (ठिणगीची वेळ) त्याच्यासाठी मागे ओढावं लागतं. एका सिलिंडरपायी चौघांची ताकद जाते.

वॉल्व्ह सीटला (वॉल्व्ह टेकतो त्या कडेला) तीन कोन मारून घ्यावेत: ३०, ४५, ६०. बसण्याची पट्टी इनटेकला (हवा आत घेणाऱ्या वॉल्व्हला) एक ते सव्वा मिमी, एक्झॉस्टला (धूर सोडणाऱ्याला) दीडच्या आसपास. एक्झॉस्टची मुद्दाम रुंद ठेवतात, कारण लालबुंद झालेला वॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता त्या पट्टीतूनच हेडला देतो. रेसिंगच्या नावाखाली ती पट्टी बारीक केली की वॉल्व्ह कडेने जळतो. पोर्टमध्ये (हेडमधल्या हवेच्या वाटेत) हात घालायचाच असेल तर सीटच्या खालचा वाडगा आणि आतल्या बाजूचं छोटं वळण, एवढंच सफाईने घडवावं. पोर्ट मोठा करून हवेचा वेग घालवू नये आणि इनटेक आरशासारखा पॉलिशही करू नये. पेट्रोलचे थेंब अशा भिंतीला चिकटून वाहायला लागतात.

नवा कॅम घातला तर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती आणावी. पिस्टनच्या माथ्यावर तिचा थर ठेवून, वापरणार तेच गास्केट घालून हेड बसवायचं, दोन फेऱ्या हाताने फिरवायच्या, उतरवायचं आणि वॉल्व्हच्या ठशाच्या तळाशी ब्लेडने कापून मातीची जाडी मोजायची. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५. एक्झॉस्टला जास्त, कारण पिस्टन त्याच्या मागे धावत वर येतो आणि स्प्रिंग दमली तर वॉल्व्ह वेळेवर जागा सोडत नाही. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावायचा नाही.

तेलाकडे ड्रॅगमध्ये हमखास दुर्लक्ष होतं, कारण रन दहा-पंधरा सेकंदांचा. पण गाडी ०.५ जीने (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने) सुटली की संपमधलं (इंजिनाखालच्या भांड्यातलं) तेल सत्तावीस अंशांनी कलतं आणि सगळं एका कडेला जातं. पिकअप (तेल ओढणारं तोंड) उघडा पडला तर पंप हवा ओढतो आणि बेरिंगला हीच हवा मिळते, तीही क्रँक लिमिटरवर, म्हणजे कमाल आरपीएमला, फिरत असताना. संपमध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून मधे खाली उघडणारी एक छोटी झडप आणि पातळी खुणेच्या अर्धा लिटर वर, एवढ्यात काम होतं. याला लागणारा पत्रा नागदेवीच्या बाजाराच्या एका फेरीत मिळतो.

क्लचबद्दल थोडक्यात. घसरणाऱ्या क्लचवर इंजिन बांधणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आधी प्रेशर प्लेट आणि डिस्क, मग कॅम. फ्लायव्हील हलकं केलं की गाडी चपळ होते हे वळणांच्या ट्रॅकवर खरं. सुटतानाचा धक्का देणारी साठवलेली ऊर्जा मात्र त्याच वजनात असते. फार हलकं केलं तर रेषेवरच इंजिन दम तोडतं. आणि बिडाचं फ्लायव्हील लेथवर पातळ करून ७५०० ला फिरवू नये. ते फुटलं तर त्याचे तुकडे ड्रायव्हरच्या पायांच्या दिशेने येतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत सुटताना वजन मागे जातं, पुढचे टायर हलके होतात आणि चाकं जागच्या जागी फिरतात. पहिल्या साठ फुटांत एक दशांश वाचवला की रेषेपलीकडे त्याचे दीड-दोन दशांश होतात. हे कुठल्याही कॅमपेक्षा स्वस्त पडतं: टायरचा दाब, लाँचचा (सुटतानाचा) आरपीएम, पायाची सवय.

मग ट्यूनिंग. १२० बीएचपीच्या बिनाटर्बो इंजिनाला पूर्ण जोरात तासाला साधारण २७ किलो पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरांत (पेट्रोल फवारणाऱ्या झडपांत) वाटलं आणि ते ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवायचे नाहीत असं धरलं, तर प्रत्येकी मिनिटाला १९० सीसी येतात. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला तेवढ्याच हवेसाठी आठ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन लागतं, म्हणून २१० ते २२० सीसीचे घ्यावेत. जुन्या मॅपवर (इंजिनाच्या संगणकातल्या इंधन-ठिणगीच्या तक्त्यावर) तेच पेट्रोल भरलं तर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण तेवढंच पातळ पडतं आणि पिस्टनच्या माथ्यावर त्याची खूण राहते. मिश्रण लॅम्डामध्ये (मिळालेली हवा भागिले नेमकी लागणारी हवा) बघायची सवय लावावी, ०.८६ ते ०.८८. मीटरवर हवा-इंधनाचं प्रमाण १२.८ दिसतं ते साध्या पेट्रोलच्या पट्टीवरचं. इंधन बदललं तरी लॅम्डा बदलत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, आणि मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलवर रेसचा रन काढू नये.

टायमिंग डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर) चढवायचं. कमी ठेवून सुरुवात करायची, दोन-दोन अंशांनी पुढे न्यायचं, टॉर्क वाढणं थांबलं की दोन अंश मागे यायचं. प्लग मूळपेक्षा एक पायरी थंड, फट ०.७ मिमीच्या आसपास. पूर्ण जोराच्या रननंतर लगेच इंजिन बंद करून प्लग काढायचे आणि पांढऱ्या पोर्सेलिनकडे भिंगातून बघायचं. मिरपुडीसारखे काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले तर ते नॉकिंग आहे, आणि चंदेरी ठिपका हा पिस्टनचाच ॲल्युमिनियम.

डायनोचा कागद वाचताना तारीखही वाचावी. तीस अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता असताना हवेच्या दाबातले ३४ मिलिबार नुसत्या वाफेचे असतात. इंजिनाला जाळायला उरते ती साडेतीन टक्के कमी हवा. जानेवारीतल्या सकाळचा आकडा आणि जूनमधल्या दुपारचा आकडा शेजारी ठेवून ट्यूनरशी भांडण्यात अर्थ नाही. लोणावळ्याच्या उंचीवर, सव्वासहाशे मीटरवर, दाब सात टक्क्यांच्या आसपास कमी असतो. मुंबईत लावलेला मॅप घेऊन घाटावरच्या धावपट्टीवर गेलं की तेवढी ताकद खोपोलीतच उतरून ठेवल्यासारखी असते. ईसीयू (इंजिनाचा संगणक) बाहेरचा दाब मोजून मिश्रण जुळवून घेतो की नाही, हे जाण्यापूर्वी तपासावं.

आणि धावपट्टीवरच जावं. रात्री दोन वाजता वरळी सी फेस मोकळा दिसतो म्हणून तो ड्रॅग स्ट्रिप होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे आणि कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीत न बसणारे बदल अडवतं. रेसची गाडी ट्रेलरवर न्यावी. रस्त्यावरची गाडी वेगळी ठेवावी.

नवं बांधलेलं इंजिन सायनच्या सिग्नलला पहिले दोन तास उभं करून ठेवणं हा रिंगा वाया घालवायचा खात्रीचा मार्ग. रिंगा भिंतीला घासून बसायला दाब लागतो आणि दाब भार दिल्याशिवाय येत नाही. नुसतं आयडलवर ठेवलं तर होनिंगच्या रेषा काचेसारख्या चकाकतात आणि इंजिन कायमचं तेल प्यायला लागतं. म्हणून स्टार्टरने, प्लग काढून, आधी तेलाचा दाब आणायचा. मग सुरू करून गळती बघायची, गरम झालं की सरळ डायनोच्या रोलरवर घालून मध्यम भाराने चढवायचं आणि थ्रॉटल सोडून उतरू द्यायचं, पुन्हा चढवायचं. तेल साधं मिनरल. रॉकरला (कॅमचा धक्का वॉल्व्हला देणाऱ्या तुकड्याला) रोलर नसेल तर तेलात जस्ताचा अंश चांगला हवा, नाहीतर कॅमचा माथा पहिल्याच तासात चपटा होतो. पहिलं तेल लवकर काढायचं, फिल्टर कापून त्याची घडी उजेडात उघडायची. बारीक करडी चकाकी पहिल्या वेळी येतेच. तांब्याच्या छटेचे कण आले तर बेरिंगचा वरचा थर गेला आहे. संप उतरवून बिग एंडचे (रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) शेल बघितल्याशिवाय पुढचा रन नाही.

दर रेसनंतर लीकडाऊन टेस्ट करावी. सिलिंडर वरच्या टोकाला आणून हवा भरायची. पाच-सात टक्के गळती ठीक, पंधराच्या वर गेली की कारण शोधायचं. सुस्कारा इनटेकमधून आला तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गास्केट किंवा हेडला भेग. हेड उतरवायचं ठरलं तर इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावं आणि बोल्ट आवळण्याच्या उलट क्रमाने, बाहेरून आत, दोन-तीन टप्प्यांत सैल करावेत. गरम हेडचे बोल्ट एकदम सोडले की हेड वाकतं, आणि सपाट पट्टीखाली ०.०५ मिमीचा फिलर गेज सहज सरकायला लागला की पुन्हा मशीन शॉपची फेरी आली, चेंबर पुन्हा ब्युरेटने मोजणं आलं आणि कॅम पुली पुन्हा लावणंही आलं.